काळा दोरा

आमच्या घरी कोळंबी साफ करायचं काम वर्षानुवर्षं आईकडे. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीवर सुरीने चीर देऊन काळा दोरा काढायचा. अशा घरात मी पेराएवढ्या दहा लाल कोळंब्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणल्या, त्याही पाळायला. आईने पिशवी उजेडाकडे धरली. "जवळा वाट्यावर मिळतो रे. हा नगावर कोणी विकला तुला?"

यांना चेरी श्रिम्प म्हणतात. मूळच्या चीन-तैवानकडच्या गोड्या पाण्यातल्या. तिथे दिसायला मातकट. हा लाल रंग माणसांनी पिढ्यान्पिढ्या निवडून काढलेला. नवशिक्यांना सोप्या, असं ऐकलं होतं. त्या भरवशावर टाकी आणली त्याच संध्याकाळी मी त्यांना आत ओतलं. चौथ्या दिवशी सात उताण्या. उरलेल्या तिघी आठवड्याच्या आत गेल्या.

कालवणावर वाढलेल्या माणसाने दहा कोळंब्यांसाठी जेवणावरून उठावं, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. चूक माझीच होती. नव्या टाकीतलं पाणी दिसतं स्वच्छ, पण घाणीतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात अजून वस्तीला आलेले नसतात. म्हणून पुढचा दीड महिना मी नुसतं पाणी पाळलं. स्पंज फिल्टर बुडबुडतोय, थोडं जावा मॉस म्हणजे पाण्यातलं शेवाळ, सोसायटीच्या गेटजवळच्या बदामाचं एक वाळकं पान. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मासे कुठायत?" आईनेच परस्पर सांगितलं, "पाणी मुरतंय अजून."

दुसऱ्या खेपेला पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी बारीक नळीने सलाइनसारखं थेंब थेंब सोडत दोन तास बसलो. आईला माझी दया आली असावी. ती तांब्याची कळशी घेऊन आली. "हे घाल, शुद्ध असतं." मी जवळजवळ ओरडलोच. आपल्याला गुणाचं असलेलं तांबं या जिवांना विष आहे. माशांच्या काही औषधांतही ते असतं, आणि त्या औषधाने मासा बरा होतो नि कोळंबी मरते. कळशी परत गेली. आई दोन दिवस टाकीकडे फिरकली नाही.

मग एका सकाळी तिचीच हाक. "अरे, मेली बघ एक!" तळाशी मिशा-पायांसकट अख्खी कोळंबी पडलेली, पण पारदर्शक, पोकळ. ती कात होती. वाढायचं तर साल टाकावीच लागते. ती काढून फेकायची नसते. कोळंब्याच तिला कुरतडून संपवतात. कात टाकलेली मादी मऊ पडते आणि नर तिच्या शोधात टाकीभर सैरावैरा पोहत सुटतात. त्या संध्याकाळी टाकीत तसाच गोंधळ होता.

दोन दिवसांनी एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस दिसला. पंचवीसेक असतील. शेपटीखालच्या पायांनी ती त्यांना सारखी वारा घालत होती. हे तीन-चार आठवडे चालतं. बाहेर येतात त्या डिंभक, म्हणजे अळ्या वगैरे नाही, थेट दोन मिलिमीटरच्या कोळंब्याच.

पहिलं पिल्लू आईला दिसलं. मला चष्मा लावूनही सापडेना. "मॉसवर बघ, डावीकडे." नाक काचेला टेकवलं तेव्हा दिसलं. काचेसारखं अंग, डोळ्यांचे दोन टिंब, आणि पाठीतून गेलेली केसाएवढी काळी रेघ.

"दोरा," आई म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

रविवारी कोळंबी अजूनही होते आमच्याकडे, उगाच खोटं कशाला बोलू. परवाही होती. आई ओट्याशी साफ करत होती, पाठमोरीच म्हणाली, "त्या वाटीत पालकाचं पान वाफवून ठेवलंय तुझ्या पोरींना. मीठ नाही घातलेलं."