भाचीचं स्कीचं जॅकेट

आजचा अख्खा दिवस भाचीच्या जॅकेटखरेदीत गेला, आणि फार छान गेला! जानेवारीत ती गुलमर्गला स्कीइंग शिकायला चाललीये. पुण्याच्या थंडीत वाढलेली पोर, तिला वाटत होतं जितकं जाड तितकं उबदार. पिसं भरलेलं एक गुबगुबीत जॅकेट घालूनही बघितलं तिने. मी म्हटलं, "अगं, शिकताना दिवसभर बर्फात पडायचं, उठायचं, घामाघूम व्हायचं. पिसं भिजली की ऊब गेलीच."

बाहेरचं पाणी अडवेल आणि आतला घाम बाहेर सोडेल असं जॅकेट हवं होतं. लेबलवर पाणी अडवण्याच्या क्षमतेचं माप 10,000 मिमी होतं; शिकणाऱ्याला तेवढं पुरतं. माझा खरा भर मात्र शिवणींवर. जॅकेट उलटं करून बघितलं, तर खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली. ती नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून झिरपतं. काखेत चेन, उघडली की वाफ बाहेर. कमरेला आतून इलॅस्टिकचा घेर, म्हणजे पडल्यावर बर्फ आत शिरत नाही.

आत थर्मल आणि फ्लीस मावायला हवं, म्हणून तिला हात वर करायला, खाली वाकायला लावलं. सुती बनियन अजिबात देऊ नकोस, हे ताईला दुकानातूनच फोन करून सांगितलं. घामाने भिजलेलं सूत लवकर वाळत नाही, अंग गार पडतं.

रंग तिने भडक केशरी निवडला. मला फार आवडला, धुक्यात लांबूनही दिसेल. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात. हातमोजे आणि गॉगल उद्या!