आमची वाटचाल: दोन कयाक आणि एक फोटो

समुद्रात पक्षी बघायला नेणाऱ्या आमच्या फेऱ्यांची सुरुवात दोन वापरलेल्या कयाकनी, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्यांनी झाली. एकीच्या तळाला ठिगळ, दुसरीचं आसन दोरीने बांधलेलं. जाहिरातीत फक्त थरार होता. पक्ष्यांचं नावही नव्हतं, कारण बगळा आणि पाणकावळा यापलीकडे आम्हालाच काही ओळखता येत नव्हतं.

पक्षी आणले ते एका गिऱ्हाइकाने. थराराचे पैसे भरून आलेले हे गृहस्थ वल्हं मांडीवर ठेवून तासभर दुर्बिणीतून बघत बसले. आम्ही मनातून वैतागलो. मग त्यांनी दुर्बीण आमच्या हातात दिली. एक सुरय पक्षी हवेत जागच्या जागी फडफडत थांबला, चोच खाली, आणि धप्पकन पाण्यात. वर आला तेव्हा चोचीत मासा वळवळत होता. आर्क्टिकच्या शिकाऱ्यांनी सीलच्या कातड्याची ही होडी बनवली तीच मुळी आवाज न करता सावजाजवळ जाता यावं म्हणून. आम्ही तिच्यात बसून आरडाओरडा करत होतो!

दुसऱ्या हंगामात दणका बसला. सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, किनाऱ्यालगत पाणी काचेसारखं. वाळूच्या दांड्यावर सुरय आणि कुरव (सीगल) विसावलेले, सगळ्यांची तोंडं जमिनीकडे. थोड्या वेळाने बघतो तर सगळा थवा समुद्राकडे तोंड करून बसलेला. काय शिस्त आहे म्हणून आम्ही फोटो काढला. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे वारा फिरला होता, हे डोक्यात आलंच नाही. भूशिराबाहेर पडलो तेव्हा ओहोटीची ओढ बाहेर आणि समुद्राकडून येणारा खारा वारा आत. अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. जोडीची कयाक उलटली. लाइफ जॅकेट होती, दोघांना परत चढवलं; दुर्बीण गेली. चूक सर्वस्वी आमची. अंदाज आदल्या रात्री पाहिला होता, सकाळी नाही.

तेव्हापासून वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनाचा ४ क्रमांक, म्हणजे ११ ते १६ नॉट (ताशी सागरी मैल) वारा आणि जागोजागी फेसाळ लाटा, दिसला की फेरी रद्द आणि सगळे पैसे परत. त्या हंगामात हिशेबाची वही बघवत नव्हती.

वेळही आता भरतीवर ठरते. ओहोटीत चिखल्या आणि तुतारी हे किनाऱ्यावरचे पक्षी लांबवर चिखलात चरतात, आणि तिकडे गेलं की कयाक रुतते. चढत्या पाण्यात तेच पक्षी आपणहून काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीला मात्र त्यांना टेकायला जागा थोडीच उरते. तिथे आम्ही जात नाही. वाटेतही पक्ष्यांनी माना वर केल्या की वल्ही उलटी मारायची. फोटोसाठी 'अजून थोडं पुढे' म्हणणाऱ्यांशी यावरून वाजतं. काही जण पुन्हा येत नाहीत. चालायचंच.

आता आठ कयाक आहेत आणि प्रत्येक दुर्बिणीला तरंगणारा पट्टा. दुर्बिणी ८ पटीच्याच ठेवतो, कारण हलत्या कयाकवर १० पटीचं चित्र फार थरथरतं. तरी कोणीतरी मोठ्या ऐटीत १० पटीची घेऊन येतोच. दहा मिनिटांनी आमची मागतो.