गोळ्या फुकट, मग पैसे कशाला?

लग्नाच्या पंगतीत, बँकेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं, "एचआयव्हीच्या गोळ्या सरकार फुकट देतं ना? मग तुमच्या संस्थेला देणगी कशाला?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितेय.

गोळ्या फुकट मिळतात हे खरंच. १ एप्रिल २००४ला सुरुवात झाली, तेव्हा देशात मोजकी केंद्रं होती. आपल्याकडे मुंबईचं जे. जे. रुग्णालय. २०१७पासून तर सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी, कितीही असोत, निदान झालं की उपचार सुरू.

पण बीडकडची ऊसतोडीला गेलेली बाई घ्या. मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळीनंतर नवराबायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, थेट कारखान्यावर. महिन्याच्या गोळ्या संपतात, गोळ्या देणारं सरकारी एआरटी सेंटर राहतं गावाकडच्या जिल्ह्यात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरवरूनही गोळ्या मिळतात, तशी सोय आहे. पण ते तिला सांगणार कोण? आणि खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, ते वेगळंच.

आमची कार्यकर्ती तिच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, पोचली, तेव्हा बाईने पिठाच्या डब्यातून बाटली काढली. लेबल नखाने खरवडलेलं, वाजू नये म्हणून आत कापूस कोंबलेला. गोळ्या उरल्या होत्या चार. "ताई, टोळीत कळलं तर पाण्याला हात लावू देणार नाहीत." कार्यकर्तीने काही समजावलं नाही. पर्समधून स्वतःची बाटली काढली, लेबलासकट, आणि तिच्यापुढे ठेवली. मग बाई बोलायला लागली. गोळी रोज घेऊन विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर तो नवऱ्याला जात नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं. चार वर्षं गोळ्या खात होती!

हे काम शिकलेल्या बाहेरच्या माणसाला जमत नाही असं नाही, पण वेळ लागतो. सांगलीत 'संग्राम' या संस्थेने १९९२पासून वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बायकांनाच या कामात पुढे केलं, ते उगाच नाही.

तर पैसे लागतात ते या कार्यकर्तीला. देणगीदारांना बॅनर आवडतो, लॅपटॉप आवडतो, हॉटेलातलं प्रशिक्षण आवडतं. मानधन म्हटलं की "प्रशासकीय खर्च" म्हणून कात्री. एका वर्षी अनुदानाचा हप्ता इतका लांबला की सात महिने तिने उसनवारीवर काढले. त्या काळातही ती फडावर जात होती. मला याचं कौतुक करवत नाही, लाज वाटते.

परवा ती पुन्हा निघाली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेवढं बरं. पण स्टँडपासून फडापर्यंत रिक्षा, जाऊन-येऊन तीनशे रुपये. रिक्षावाला पावती देत नाही, आणि पावतीशिवाय आमचा हिशेब कुणी पास करत नाही. ते तीनशे सध्या माझ्या पर्समधून जातात.