हॉर्सशू किडनीतली गाठ, वांग्याचं भरीत आणि फॉर्मलिनचा डबा

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'हॉर्सशू किडनी' असं छापून आलं की तासगावात काय नि मिरजेत काय, पेशंटला एकच वाक्य ऐकायला मिळतं: "जन्मजात आहे, काही होत नाही." बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. साधारण 500 माणसांमागे एकाच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या असतात. आईच्या पोटात वर सरकताना मधला पूल आतड्याच्या एका धमनीखाली अडकतो आणि किडन्या खालीच राहतात. पुढं खडे, लघवी तुंबणं, इन्फेक्शन, एवढ्यावर भागतं. पण रिपोर्टाच्या पुढच्याच ओळीत 'गाठ' असेल, तर ते वाक्य गिळावं.

किडनीची गाठ म्हणजे रीनल सेल कार्सिनोमा, किडनीचा नेहमीचा कॅन्सर, हा पहिला अंदाज हॉर्सशूतही बऱ्याचदा बरोबर निघतो. दुसरा पाहुणा मात्र लक्षात राहत नाही: कार्सिनॉइड, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन पेशींचा ट्यूमर. किडनीतच उगवलेला हा ट्यूमर फार दुर्मिळ. तरी जेवढे नोंदले गेलेत त्यांतल्या साधारण सहांपैकी एकाची किडनी हॉर्सशू होती. 500 मागे एक या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून बघा. नॉर्मल किडनीत न्यूरोएंडोक्राइन पेशी नसतातच. मग जडणघडणीच्या वेळी तिथं चुकून राहिलेल्या पेशींतून गाठ येते, की वर्षानुवर्षांच्या सुजेनं बदललेल्या अस्तरातून, असे दोन तर्क आहेत. सीटीवर ही गाठ कॉन्ट्रास्ट फारसा घेत नाही, कधी आत कॅल्शियमचे ठिपके दिसतात. रीनल सेलचा नेहमीचा प्रकार, क्लिअर सेल कार्सिनोमा, मात्र कॉन्ट्रास्ट दिला की झगमगतो.

ऑपरेशनआधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, टाळू नये. या किडनीला रक्त कुठून येईल याचा नेम नसतो: महाधमनीतून, ओटीपोटातल्या इलियाक धमनीतून, पुलाला वेगळीच एखादी फांदी. ती आधी ठाऊक नसेल तर पूल कापताना टेबलावर कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

खरा घोळ होतो तो काढलेली किडनी लॅबकडं पाठवताना. अख्खी किडनी, वर चरबीची गादी, आणि ती कोंबलेली लहान बरणीत, वर बोटभर फॉर्मलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रावण. फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. बाहेरचा थर पक्का होतो, आतली गाठ तोवर सडायला लागते. मग न्यूरोएंडोक्राइन गाठ ओळखून देणारे सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन हे रंग फिके उठतात आणि किती टक्के पेशी वाढताहेत हे सांगणारा केआय-67 खोटा कमी येतो. ग्रेड तर त्याच आकड्यावर ठरते: 3 टक्क्यांखाली पहिली, 3 ते 20 दुसरी, 20 च्या वर तिसरी. म्हणून रुंद तोंडाचा डबा, तुकड्याच्या दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मलिन आणि पॅथॉलॉजिस्टला विचारून मधोमध दिलेला काप. फॉर्मवर 'हॉर्सशू' हा शब्द लिहायला विसरू नका, त्या एका शब्दानं तपासणाऱ्याच्या डोक्यात वेगळी यादी उघडते. नातेवाइकांनी ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड मागून घ्याव्यात. मुंबई-पुण्याला दुसरं मत घेताना तेच लागतं, नुसता कागद नाही.

रिपोर्ट आला तरी एक प्रश्न उरतो: गाठ इथलीच, की आतड्यातून किंवा फुप्फुसातून आलेली? त्यासाठी गॅलियम-68 डोटाटेट पेट स्कॅन, म्हणजे अशा गाठींना चिकटणारं किरणोत्सारी औषध टोचून काढलेला स्कॅन. इथं एक गोम आहे. हे औषध किडनीतूनच बाहेर पडतं, त्यामुळं किडनी मुळातच उजळलेली दिसते आणि आतली गाठ त्यात लपते. स्कॅन किडनीसाठी नव्हे, बाकी शरीरासाठी वाचायचा.

चेहरा लाल होणं, पातळ जुलाब ही कार्सिनॉइडची लक्षणं किडनीतल्या गाठीत क्वचितच दिसतात. दिसली तर 24 तासांच्या लघवीत 5-एचआयएए, म्हणजे गाठीतून सुटणाऱ्या सिरोटोनिनचा उरलेला अंश, तपासतात. आधीचे तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद. आणि वांगी! कृष्णाकाठच्या माणसाला भरीत सोडायला सांगणं अवघड, पण वांग्यात सिरोटोनिन असतं आणि आकडा फुगतो. पहिल्या दिवशी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची. तिथून दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतची सगळी कॅनमध्ये, शेवटची धरून. कॅनमध्ये आम्ल असेल तर थेट त्यात करू नका, भाजतं. मगमध्ये धरून ओता.

याच गाठींसाठी तपासलं जाणारं रक्तातलं क्रोमोग्रॅनिन ए त्याहून फसवं. सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल ही आपल्याकडं चहाइतकी रुळलेली ॲसिडिटीची गोळी, तिच्यानं ते वाढतं; डॉक्टरांना विचारून साधारण दोन आठवडे बंद ठेवून मग रक्त द्यावं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तरीही ते वाढतं, आणि हॉर्सशूवाल्यांत क्रिएटिनिन वाढलेलं असू शकतं.

जन्मजात दोष आणि गाठ यांची दुसरी जोडी हृदयाची. जन्मतः निळसर पडणाऱ्या, वर्षानुवर्षं ऑक्सिजन कमी मिळालेल्या रुग्णांत पुढं फिओक्रोमोसायटोमा किंवा पॅरागँग्लिओमा, म्हणजे ॲड्रेनॅलिनसारखे हार्मोन सोडणारी गाठ, जास्त दिसतो. धडधड, घाम, डोकेदुखी. सगळं हृदयाच्याच खात्यावर जमा होतं. अशा रुग्णाच्या पोटात गाठ दिसली तर आधी मेटानेफ्रिनची, म्हणजे त्या हार्मोनच्या उरलेल्या अंशाची तपासणी. रक्त द्यायचं असेल तर 20 ते 30 मिनिटं आडवं पडून. तुकडा घ्यायला गाठीत सुई मेटानेफ्रिनचा निकाल आल्यानंतरच, कारण अशा गाठीत सुई घातली तर बीपी एकाएकी आकाशाला भिडू शकतं. ऑपरेशनआधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या आवळू न देणारं औषध) 10 ते 14 दिवस, सोबत मीठ-पाणी हृदयाला झेपेल तेवढंच. बीटा ब्लॉकर (धडधड कमी करणारं औषध) लागलाच तर अल्फानंतर. उलटं केलं तर रक्तवाहिन्या सैल पाडणारा मार्ग बंद होतो, आवळणारा मोकळा राहतो, आणि बीपी उतरायच्या ऐवजी चढतं.