आपले काम आपण सांगताना

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायासाठीच्या संकेतस्थळावर नावाखाली २२० अक्षरांची एक ओळ लिहिता येते. कामासाठी माणसे शोधणाऱ्याला यादीत आधी दिसते ते छायाचित्र, नाव आणि ही ओळ. तरीही आपल्याकडची मुले नेमकी तीच वाया घालवतात. ‘मेहनती, जिद्दी, शिकण्यास उत्सुक’ ही विशेषणे कोणालाही लावता येतात, म्हणूनच त्यांवरून कोणाविषयीच काही कळत नाही. (लग्नातल्या फोटोतून कापून काढलेल्या, खांद्यावर दुसऱ्याचाच हात असलेल्या छायाचित्रांविषयी न बोललेलेच बरे.)

माझ्या भाच्याने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन एका साखर कारखान्यात शिकाऊ म्हणून काम केले. त्याच्याही ओळीत हीच विशेषणे होती. गाळप हंगामात तू नेमके काय करत होतास, असे खोदून खोदून विचारले तेव्हा कळले, की मिल हाऊसमधील (जिथे ऊस पिळला जातो) बेअरिंगच्या, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागाच्या, तापमानाच्या ज्या नोंदी प्रत्येक शिफ्टमध्ये वहीत होत आणि तिथेच पडून राहत, त्या त्याने स्वतःहून एक्सेलमध्ये उतरवायला घेतल्या होत्या, आणि एक बेअरिंग रोज थोडे थोडे अधिक तापत असल्याचे त्यामुळेच फोरमनच्या वेळीच लक्षात आले होते. हे लिही म्हटल्यावर तो संकोचला. ‘मामा, ही फुशारकी नाही का वाटणार?’

हा संकोच आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे. समर्थांनी मूर्खाची लक्षणे सांगताना आपली स्तुती आपणच करणाऱ्याला त्यांत बसवले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ‘मी अत्यंत हुशार आहे’ ही स्तुती झाली. ‘मी या नोंदी ठेवल्या’ ही माहिती आहे, आणि तिचा खरेखोटेपणा फोरमनला विचारून पडताळता येतो. त्याने पहिल्या मसुद्यात ‘बिघाडाचे पूर्वानुमान’ असे भारदस्त काहीतरी लिहिले होते, ते मात्र मी काढायला लावले, कारण मुलाखतीत त्यावर दुसरा प्रश्न आला असता तर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

आत्मविश्वासाचेही असेच आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की एखादी गोष्ट आपल्याला जमेल या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे ती पूर्वी स्वतः करून पाहिल्याचा अनुभव. इतरांनी दिलेला धीर त्यामानाने दुबळा ठरतो. त्यामुळे आरशासमोर उभे राहून ‘मी करू शकतो’ असे घोकण्यापेक्षा केलेल्या कामांची यादी काढणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

व्हिडिओ मुलाखतीत तर आरसा नडतोच. बोलताना सतत स्वतःचा चेहरा दिसत राहणे थकवणारे असते, असे स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिले. झूममध्ये आपली चौकट आपल्यापुरती लपवता येते, ती लपवावी. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणावा, खिडकी पाठीमागे न ठेवता समोर घ्यावी. बोलताना पडद्यावरील चेहऱ्याकडे पाहिले तर समोरच्याला आपली नजर खाली झुकलेली दिसते, म्हणून निदान उत्तराची सुरुवात तरी कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहून करावी. इंग्रजी अडखळत असेल तर वेग कमी करावा. बेअरिंग कसे तापत गेले, हे सावकाश सांगितले तरी ऐकणाऱ्या अभियंत्याला ते पुरते समजते.