आखाजीच्या रात्रीचे दोन फोन

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या अमळनेरकडे दवाखाने बंदच असतात म्हटलं तरी चालेल. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडाला झोके, घरोघरी पुरणपोळी आणि आमरस, दातांची डॉक्टर असले तरी मी पण नंदुरबारला माहेरीच होते. जेवणं आटोपून बसलो होतो तेवढ्यात फोन आला, जवळच्या खेड्यातला ओळखीचा पोरगा, म्हणे मॅडम ताईची दाढ भलती ठणकतेय, भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी राह्यलंय, काहीतरी सांगा. मागून तिचं रडणं ऐकू येत होतं.

अशा वेळी किती दुखतंय हे मी नंतर विचारते. आधी सूज आहे का, ताप आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, थुंकी गिळता येते का. हे सगळं ठीक होतं. गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं थांबतं म्हणाली, म्हणजे दाढेतली नस अजून जिवंत होती, फक्त सुजलेली. नस सुजली तरी दात काही फुगत नाही, चारी बाजूंनी कडक, मग आतला दाब जाणार कुठे, ठणका पार कानापर्यंत मारतो, आणि आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं म्हणून रात्री अजूनच. टॉर्च लावून फोटो मागवला. खालच्या दाढेत मोठा खड्डा, त्यात खाल्लेलं अडकलेलं, आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढराफट चट्टा, कारण आईने ॲस्पिरिन कुटून दाढेशी दाबून ठेवली होती. ही गोळी पोटात गेली तरच काम करते, हिरडीवर ठेवली तर चक्क भाजते, आणि आमच्याकडे घरोघरी हेच चालतं, नाहीतर मिश्री.

मग विचारलं दिवस गेलेत का. भाऊ गप्प. फोन वहिनीकडे गेला तेव्हा कळलं, सातवा महिना, बाळंतपणालाच आलीये. आणि हातात आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी फोडून तयार! एरवी पोटाचा, किडनीचा, दम्याचा त्रास नसेल तर जेवणानंतर हीच गोळी मी सांगते, दातदुखीला चांगली लागू पडते, पण पाचव्या महिन्यानंतर आयबुप्रोफेन नको, बाळाच्या किडनीवर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होऊ शकतो. ती बाजूला ठेवायला लावली. साधी पॅरासिटामॉल 500, परत लागली तर सहा तासांनी. कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा, खड्ड्यातलं अडकलेलं अलगद काढायचं, लवंगेचं तेल कापसावर एकच थेंब आणि तो खड्ड्यातच, हिरडीला लावायचा नाही. दोन उशा घेऊन डाव्या कुशीवर झोप म्हटलं, उशाशी माठाचं गार पाणी ठेव, सकाळी पहिल्या गाडीने मी येते.

फोन ठेवला आणि तासाभरात दुसरा आला. एका आबांचा मुलगा, आबांना शुगर. एकदम शांतपणे बोलत होता. दोन-चार दिवस दाढ दुखत होती पण आता दुखणं कमीये, फक्त हनुवटीखाली सुजलंय म्हणून विटेचा शेक देतोय, सकाळी दाखवलं तर चालेल ना. आबांना फोन द्या म्हटलं. "आते काही दुखत नही व माय, बरं शे," म्हणाले, पण शब्द जड, जीभ वळत नव्हती, मध्येच लाळ पुसायला थांबत होते. तोंडात बोट किती जातं? एकच, तेही कसंबसं. माझ्या पोटात गोळाच आला.

नस मेली की ठणका थांबतो, घरच्यांना वाटतं उतार पडला. पण पू आपला रस्ता शोधतच असतो. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली उतरलेली असतात, तिथून पू गळ्याकडे पसरतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद व्हायला लागते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये हे लिहून ठेवलंय, आजही शुगरच्या पेशंटमध्ये दिसतं. मी सांगितलं शेक बंद करा, खायला-प्यायला काही देऊ नका, आडवं झोपवू नका, बसवूनच 108 ने धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेजला न्या, आत्ताच. मुलगा म्हणे मॅडम सणाचा दिवस, आणि त्यांना दुखत पण नाहीये. मला आवाज चढवावा लागला. म्हटलं दुखत नाही म्हणूनच जा! ते हो म्हणेपर्यंत मी फोन सोडला नाही.

रात्रीतच गळ्याखाली चीर देऊन पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक चालू केलं. उशीर झाला असता तर श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं असतं असं तिथल्या डॉक्टरांनी मुलाला सांगितलं.

ताई सकाळी माझ्या आधीच दवाखान्याच्या पायरीवर बसलेली, डोळे सुजलेले पण मधे दोन-तीन तास झोप लागली म्हणाली. खुर्ची जरा डावीकडे कलती ठेवून भूल दिली, दाढ उघडली, पाचेक मिनिटांत चेहरा मोकळा झाला. भावाने लगेच विचारलं, रूट कॅनल आता बाळंतपणानंतर करू ना? मी म्हटलं नाही भो, तात्पुरतं सिमेंट तेवढं टिकत नाही, पुढच्या आठवड्यात घेऊन ये.