भाव रुमालाखाली नको

"भाऊ, तुमच्या ग्रुपवर किंमत टाकल्याशिवाय पोस्ट काऊन राहू देत नाही? आन् खाली येऊन कोणी महाग आहे म्हटलं तं ते डिलीट काऊन नाही करत? लोकाच्या सामानाचा असा चारचौघांत भाव करतात का?" हे मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतंच, कधी फुटाळा तलावावर चहा पिताना, कधी लग्नात स्टेजमागे केबल गुंडाळताना. तिथे उभ्या उभ्या काय सांगणार, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

ग्रुप म्हणजे फार काही नाही हो. नागपुरातले आणि आजूबाजूचे फोटोवाले, त्यात लग्नवाले, ताडोबा-पेंचवाले, थोडी कॉलेजची पोरं, जुने कॅमेरे-लेन्स घ्यायला-विकायला व्हॉट्सॲपवर जमलोय. मी ॲडमिन, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं.

माझे आजोबा बैल घ्यायला बाजारात जायचे तेव्हा एक-दोनदा मलाही घेऊन गेले होते. दलालाचा आणि आजोबांचा हात हातात, वर रुमाल, आणि आत बोटं दाबून भाव चालायचा, तोंडाने आकडा कोणी काढायचा नाही. मी आपला रुमाल कसा हलतो ते बघत बसायचो. घरी आले की आजोबा दोन दिवस खूश, आणि तिसऱ्या दिवशी कळायचं की पलीकडच्या वावरवाल्याने तशीच जोडी कमीत आणली, मग आजीवर चिडचिड. उलट कळमन्याच्या मार्केटला संत्र्याचा लिलाव बघा, ढिगाभोवती उभं राहून ओरडून बोली, ज्याला घ्यायचं नाही त्याच्याही कानावर पडते. शेतकऱ्याला तिथेही भाव कमीच मिळतो, ते वेगळं रडगाणं, पण किती कमी मिळाला हे निदान सगळ्यांना माहीत असतं.

"प्राइस इनबॉक्स", म्हणजे भाव खाजगीत विचारा, असं वाचलं की मला तो रुमालच आठवतो.

२०१९ मध्ये मी अशीच एक बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) घेतली, कंपनीचं नाव जाऊ द्या. विकणारा म्हणाला बाकीच्यांना बेचाळीस हजार सांगितले, तुला चाळीस. मी खूश. बॉडीवरचे ओरखडे मोजले, रबर उचकटलंय का ते पाहिलं, आणि शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा, बघायचाच राहिला. महिनाभराने टपरीवर मित्र म्हणतो, अरे ती मलाही दाखवली होती, छत्तीसला, पण काउंट एक लाख बेचाळीस हजार होता म्हणून मी सोडली. आता त्या बॉडीचं शटर कंपनीने टेस्ट केलेलं दीड लाखापर्यंत, म्हणजे दीड लाखाला बंदच पडतं असं नाही, पण तिथून पुढे आपलं नशीब. माझं नशीब डिसेंबरपर्यंत टिकलं, ऐन वरमालेला शटर गेलं, असिस्टंटच्या बॉडीवर लग्न निभावलं. रिपेअरचं बिल धरून मला ती जुनी बॉडी नव्यापेक्षा जेमतेम स्वस्त पडली. त्याला माहीत होतं, मला नव्हतं, आणि आम्ही दोघं रोज एकाच टपरीवर चहा पीत होतो.

(काउंट बघायचा कसा हेही विचारतात. निकॉनमध्ये बहुतेक मॉडेलच्या फोटोच्या एक्झिफमध्येच (फोटोसोबत सेव्ह होते त्या माहितीत) असतो, ताजा ओरिजिनल फोटो मागवा आणि बघा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फोटोत येत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. आणि कॅननच्या ८०डीच्या शटरचं रेटिंग एक लाख, निकॉनच्या डी५०० चं दोन लाख, त्यामुळे नुसता साठ हजार काउंट ऐकून खूश किंवा नाराज होऊ नका.)

लोकांना वाटतं उघड भाव म्हणजे पाडून मागणं. मागच्याच्या मागच्या जूनमध्ये एका काकांनी निकॉनची २००-५०० लेन्स, लांबचे प्राणी टिपायची, विकायला टाकली, बहात्तर हजार. जूनमध्ये असल्या लेन्स निघतातच, कारण १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद. एकाने लिहिलं सत्तर ठीक आहे. दुसऱ्याने लिहिलं काका ऑक्टोबरपर्यंत थांबा, गेट उघडले की जास्त येतील (विकणाऱ्याच्या बाजूनेही लोक बोलतात बरं का). आणि हिंगण्याचा एक पोरगा आहे, फार बोलत नाही, त्याने एवढंच विचारलं, "काका, बॅग कूलरच्या खोलीत असते का?"

सगळे हसले, पंचेचाळीस डिग्रीत फंगस (काचेवरची बुरशी) कुठून येऊन राहिला बे म्हणून. पण विचार करा, मार्चपासून आपला कूलर दिवसरात्र चालू, ओल्या ताट्यांतून दमट हवा खोलीभर, आणि कॅमेऱ्याची काळी बॅग त्याच खोलीत कपाटात बंद. काकांनी लेन्समागून मोबाईलचा टॉर्च मारून व्हिडिओ टाकला तर पुढच्या काचेच्या आत, अगदी कडेला, कोळ्याने जाळं नुकतं धरावं तसे चार-पाच पांढरे तंतू. काकांनाच पत्ता नव्हता. तेच म्हणाले मग आता काय द्याल सांगा, आणि सफाईचा खर्च वजा होऊन अठ्ठावन्नला गेली. इनबॉक्समध्ये हा प्रश्न विचारायला हिंगण्याचा पोरगा आला असता कुठून? त्याला ती लेन्स घ्यायचीच नव्हती.

बिलावरूनही असंच. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे नव्यावरचा करच कमी झाला, पण जुनी बिलं दाखवून "मी एवढ्याला घेतला" म्हणणारे नंतरही कितीतरी दिवस येत होते. चौघांत एकदा हिशेब झाला की विषय संपतो.

आता यातलं वाईट पण सांगतो, नाहीतर म्हणाल भाऊ आपलीच टिमकी वाजवून राहिला. एका पोराने ८०डी टाकली होती, आणि मी, ॲडमिन असून, खाली लिहिलं "एवढ्यात तं नवी येते." बघितलं पण नव्हतं, असंच, गाडीवर सिग्नलला थांबलो होतो तेव्हा. रात्री त्याचा मेसेज, दादा एवढ्यात नवी नाही येत, आणि आई मेडिकलला भरती आहे म्हणून काढतोय. मी माफी मागून पोस्ट पुन्हा वर आणेपर्यंत त्याने ती एका डीलरला देऊन टाकली होती, सहा हजार कमीत.

तेव्हापासून ठरलं की महाग म्हणायचं तर कारण लिहा, आणि स्वतःचा आकडा टाकला तर त्या आकड्याला घ्यायची तयारी ठेवा. काही जण जोडीने येऊन एकाने उघडपणे भंगार म्हणायचं आणि दुसऱ्याने गुपचूप उचलायचं असंही करत होते, त्यावर उपाय एवढाच सापडला की "सोल्ड" लिहिताना शेवटी कितीला गेलं तेही लिहायचं. तो आकडा सगळ्यात कामाचा. नवीन माणूस सर्च मारतो आणि त्याला कोणालाच विचारावं लागत नाही.

परवा मी माझीच टॅमरॉन १५०-६०० लेन्स टाकली, अठ्ठेचाळीस. दहा मिनिटांत हिंगण्याच्या पोराने लिहिलं, "दादा, ट्रायपॉड कॉलर ओरिजिनल नाही वाटत, चव्वेचाळीस ठीक राहील, मी घेतो." नाहीच आहे ओरिजिनल, तो कॉलर (लेन्स ट्रायपॉडला बसवायची कडी) पेंचला जिप्सीतून पडला होता आणि मी लिहायला विसरलो, म्हणजे विसरलो असंच म्हणू. तीनदा टाइप करून खोडलं. अजून रिप्लाय दिलेला नाही, आणि मी ऑनलाइन आहे हे सगळ्यांना दिसतंय.